बालशिक्षणाची पदवी : घरबसल्या की कॉलेजात जाऊन?

देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत आणि त्यांतल्या लाखाहून अधिक महाराष्ट्रात भरतात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना अवघ्या ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली, तेव्हा अंगणवाडीच्या ताईकडे आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी आणि जमतील तशी गाणी-गोष्टी एवढं काम होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मात्र तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पहिला, पायाभूत टप्पा मानला. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते, असं या धोरणात नमूद आहे. त्यामुळे या वयाच्या मुलांबरोबर रोज बसणारी बाई आता ‘सांभाळणारी’ उरली नाही, ती शिक्षिका झाली. शिक्षिका म्हटलं की पात्रता आली, आणि पात्रता कुठून मिळवायची हा प्रश्नही आला.

हा प्रश्न विचारणाऱ्यांत बारावी झालेली मुलगी असते. दहा वर्षं अंगणवाडी चालवणारी सेविका असते. स्वतःची मुलं मोठी झाल्यावर सोसायटीतल्या नर्सरीत शिकवू लागलेली गृहिणी असते. मेलबर्नला नवऱ्याबरोबर गेलेली आणि तिथल्या बालसंगोपन केंद्रात काम शोधणारी पुण्याची पदवीधरही असते. चौघींनाही एकच वाक्य ऐकू येतं : ‘हल्ली सगळं ऑनलाइन होतं.’ ते वाक्य काहींच्या बाबतीत खरं ठरतं, तर काहींची त्यापायी दोन वर्षं आणि साठवलेले पैसे वाया जातात.

मुळात या क्षेत्रात कागदांचीच गर्दी फार. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटाचा. त्याखालच्या वयासाठी सरकार सोय करू शकतं, एवढंच तो सांगतो. म्हणून खासगी प्ले ग्रुप आणि केजीच्या वर्गांवर शिक्षिकेच्या पात्रतेचा धाक कधी बसलाच नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, शाळापूर्व शिक्षिकेची किमान पात्रता ठरवून दिलेली आहे, पण गल्लीतल्या नर्सरीत ती कोणी विचारत नाही. या पोकळीत टीचर ट्रेनिंगचे, ‘इंटरनॅशनल मॉन्टेसरी डिप्लोमा’चे, तीन महिन्यांत घरपोच प्रमाणपत्र देणारे वर्ग फोफावले. त्यांतले काही मनापासून शिकवतात, पण कित्येकांच्या प्रमाणपत्राला संस्थेच्या दाराबाहेर किंमत नसते.

मान्यतेच्या दृष्टीने पाहिलं तर पर्याय मोजके उरतात. एनसीटीईची दोन वर्षांची शाळापूर्व शिक्षण पदविका, म्हणजे डीपीएसई. गृहविज्ञान महाविद्यालयांतली मानवविकास विषयाची पदवी. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठ आणि निर्मला निकेतनचं गृहविज्ञान महाविद्यालय ही त्यासाठी ओळखीची नावं. बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अध्यापक शिक्षण कार्यक्रम, म्हणजे आयटेप. त्यात पायाभूत टप्प्याची स्वतंत्र शाखा आहे आणि प्रवेश राष्ट्रीय सामायिक परीक्षेतून होतो. दूरशिक्षणाच्या बाजूला सर्वांत जुनं आणि सर्वदूर पोचलेलं नाव म्हणजे इग्नूची बालसंगोपन आणि शिक्षण पदविका, डीईसीई.

पण पुस्तकी ज्ञान घरी आणि मुलांचं ज्ञान मुलांत, ही विभागणी मराठी बालशिक्षणात नवीन नाही. ताराबाई मोडक भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करत शिकल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. गुजरातीत आणि पुढे मराठीत निघालेली ‘शिक्षणपत्रिका’ पालकांच्या आणि शिक्षकांच्या घरी पोचत होती. आजच्या भाषेत ते दूरशिक्षणच. तरीही बालवाडीची शिक्षिका तयार करायची तर ताराबाई तिला मुलांत आणून बसवत. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात होत्या, आणि शिकाऊ शिक्षिकेला एकाच दिवसात दोन वर्षांचं आणि सात वर्षांचं मूल पाहता येत असे.

ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ यांचं शिक्षण या संदर्भात मुद्दाम आठवावं. पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी करताना त्या रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. कोसबाडला काम करत असताना, पन्नाशी ओलांडल्यावर, बी.ए. झाल्या. आपल्याकडे ज्याला ‘बाहेरून परीक्षा देणं’ म्हणतात तसाच हा प्रवास. त्यांना ते जमलं, कारण दिवसभर त्या मुलांतच होत्या आणि शेजारी ताराबाईंसारखी जाणकार बाई होती. पुस्तक रात्री वाचलं तरी त्याचा पडताळा सकाळी घेता येत होता.

कॉलेजात जाऊन शिकण्याचं खरं बळ इथेच आहे. चांगल्या संस्थेला जोडून लहान मुलांची प्रयोगशाळा असते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या मानवविकास विभागाची चेतन बालवाडी किंवा दिल्लीच्या लेडी आयर्विन कॉलेजचं राजकुमारी अमृत कौर बाल अध्ययन केंद्र ही त्याची उदाहरणं. विद्यार्थिनी आधी नुसती पाहते. एका कोपऱ्यात बसून एकाच मुलाच्या नोंदी ठेवते : ते कोणाशी बोललं, ठोकळा हातात घेऊन काय केलं, रडलं तेव्हा कशाने शांत झालं. मग त्या नोंदी वर्गात वाचल्या जातात आणि प्राध्यापिका विचारतात, ‘ते हट्टी आहे असं तू लिहिलंस. हट्ट तुला दिसला कसा? दिसलं काय तेवढंच सांग.’ पाहिलेलं आणि गृहीत धरलेलं यांतला फरक असा शंभर वेळा टोकल्याशिवाय अंगी मुरत नाही.

मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला आल्या आणि युद्धामुळे काही वर्षं भारतातच राहिल्या. या मुक्कामात हजाराहून अधिक शिक्षक त्यांच्याकडून तयार झाले. त्यांच्या परंपरेतला विद्यार्थी प्रत्येक साधनाची मांडणी स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा करतो, त्याच्या टिपणांच्या वह्या तयार करतो आणि तासन्‌तास गप्प बसून मुलांचं निरीक्षण करतो. त्यांनी स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, एएमआयची, पदविका आजही साधनांच्या प्रत्यक्ष सरावाशिवाय आणि निरीक्षणाशिवाय मिळत नाही. हाताला लागणारं वळण पडद्यावरून लावता येत नाही, हे त्यामागचं साधं कारण.

एनसीटीईचे २०१४ चे निकषही हेच गृहीत धरतात. डीपीएसईसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, अभ्यासक्रमाला ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी. त्या नियमावलीत १५ अध्यापक अभ्यासक्रमांची यादी आहे. तीत दूरशिक्षणाने चालणारे दोनच आढळतात, डी.एल.एड. आणि बी.एड. शाळापूर्व शिक्षणाची पदविका त्यांत नाही. घरबसल्या डीपीएसई देतो असं कोणी म्हटलं, तर एवढी एक गोष्ट माहीत असली तरी पुढचा मनस्ताप टळतो.

मग दूरशिक्षण निरुपयोगी का? मुळीच नाही. इग्नूची डीईसीई बारावीनंतर करता येते. तिच्या चार भागांत बालसंगोपन सेवांचं आयोजन, मुलांचं आरोग्य आणि पोषण, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या सेवा असे विषय येतात आणि चौथा भाग प्रत्यक्ष प्रकल्पाचा आहे. इग्नूच्या हिशेबात एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास, आणि या पदविकेचे ३२ श्रेयांक धरले तर काम साडेनऊशे तासांच्या पुढे जातं. मुंबई, पुणे आणि नागपूर इथे विद्यापीठाची प्रादेशिक केंद्रं आहेत. अभ्यासाच्या पुस्तिका कसदार आहेत. जी सेविका दहा वर्षं वजनकाट्यावर मुलं ठेवते आहे, तिला कुपोषणाची श्रेणी नेमकी कशी ठरते आणि पहिल्या हजार दिवसांचं महत्त्व काय, हे त्या पानांतून उलगडतं. तिचा अनुभव आधीपासून असतो, त्याला नाव आणि कारण मिळतं.

ही पदविका म्हणजे एनसीटीईची अध्यापक पदविका नव्हे, हे मात्र प्रवेशाआधीच समजून घ्यायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त मुक्त किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष असते. मुख्य सेविकेच्या पदासाठी, पदव्युत्तर प्रवेशासाठी किंवा स्पर्धा परीक्षेसाठी ती चालते. मुलांना शिकवण्याचा परवाना हा वेगळा विषय आहे आणि तो नियामक संस्थेच्या हातात आहे. दूरशिक्षणाने बी.एड. करायलाही एनसीटीई सर्वांना मुभा देत नाही. प्राथमिक शाळेत काम करणारे प्रशिक्षित शिक्षक किंवा समोरासमोरच्या पद्धतीने आधी एखादा अध्यापक अभ्यासक्रम पूर्ण केलेले उमेदवार, एवढ्यांनाच ते दार खुलं आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं बोधवाक्य ‘ज्ञानगंगा घरोघरी’. तरी त्याचं बी.एड.सुद्धा सेवेतल्या शिक्षकांसाठीच आहे. म्हणजे जी आधीच मुलांत उभी आहे तिच्यापर्यंत पुस्तक घरी पोचवायला कायद्याची हरकत नाही. जिने अजून वर्ग पाहिलेला नाही, तिला तो घरबसल्या शिक्षिका मानत नाही.

या नियमाकडे काणाडोळा झाला की काय होतं, त्याचा मोठा धडा २०१७ नंतर मिळाला. शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती करून अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत दिली गेली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने त्यांच्यासाठी दूरशिक्षणाने डी.एल.एड. चालवलं आणि देशभरातून बारा लाखांहून अधिक शिक्षकांनी त्यात नाव घातलं. व्याख्यानं ‘स्वयं’ या ऑनलाइन मंचावर आणि दूरचित्रवाणीवर होती, कालावधी १८ महिन्यांचा होता. पुढे नव्या भरतीत ही पदविका दोन वर्षांच्या नियमित पदविकेइतकी धरायची का, यावर खटले उभे राहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती समकक्ष नसल्याचं सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयानेच खुलासा केला की १० ऑगस्ट २०१७ रोजी जे सेवेत होते आणि ज्यांनी १ एप्रिल २०१९ पूर्वी पदविका पूर्ण केली, त्यांची पात्रता ग्राह्य धरावी. मधल्या वर्षभरात किती घरांत झोप उडाली असेल, याची कल्पना करता येते. त्या शिक्षकांनी काही चुकीचं केलं नव्हतं, सरकारनेच त्यांना त्या रांगेत उभं केलं होतं. पण निकालातली भेदरेषा पुन्हा तीच दिसते : सेवेत असलेला आणि नसलेला.

नियम बदलतात, हेही ध्यानात ठेवावं लागतं. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आयोगाने मानसशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र अशा आरोग्याशी निगडित विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवायला सांगितले. बालमानसशास्त्र घरबसल्या शिकून पुढे बालकांबरोबर काम करू, असा बेत केलेल्यांची त्यामुळे वाट बदलली. म्हणून कोणत्याही विद्यापीठाचं माहितीपत्रक वाचून थांबू नये. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाला, त्या अभ्यासक्रमासाठी, त्या सत्रात मान्यता आहे का, या तिन्ही गोष्टी पाहाव्यात.

परदेशी नियमांतही हेच सूत्र आहे. अमेरिकेतल्या बालविकास सहायकाच्या, म्हणजे सीडीएच्या, प्रमाणपत्रासाठी १२० तासांचं शिक्षण लागतं आणि ते ऑनलाइन चालतं. त्याला जोडून ४८० तास मुलांबरोबर काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो आणि जाणकार व्यक्ती येऊन काम पाहून जाते. ऑस्ट्रेलियात बालशिक्षणाच्या मूलभूत प्रमाणपत्राला किमान १६० तास आणि पदविकेला २८० तास केंद्रात काम करावं लागतं. शिक्षिकेच्या चार वर्षांच्या पदवीला किमान ८० दिवसांचा देखरेखीखालचा सराव लागतो. मेलबर्नची ती पुण्याची पदवीधर सिद्धांत घरी, मुलं झोपल्यावर वाचू शकते. तासांचा हिशेब तिला केंद्रातच भरावा लागतो.

आता घरातल्या अडचणींकडे वळू. हे क्षेत्र जवळजवळ सर्वस्वी बायकांचं. सेविकेला वेतन नव्हे, मानधन मिळतं. दोन वर्षं काम सोडून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी राहायचं, तर घर कोण सांभाळणार आणि त्या काळातलं मानधन कोण देणार? लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या कितीतरी जणींना मुक्त विद्यापीठानेच पुन्हा पुस्तक हातात दिलं. एसटीच्या वेळा, सासरच्यांची परवानगी, लहान मूल या सगळ्यांतून वाट काढत त्या परीक्षा केंद्रावर पोचतात. ‘रेग्युलर असेल तरच खरं शिक्षण’ असं त्यांना सुनावणं अन्यायाचं आहे. आयटेपचे चार वर्षांचे वर्ग दर्जेदार असतील, पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरच्या बत्तीस वर्षांच्या बाईसाठी ते नाहीत.

भाषेचाही प्रश्न आहे. दर्जेदार अभ्याससाहित्याचा मोठा भाग इंग्रजीत किंवा हिंदीत असतो. मुलांशी मात्र मराठीत, किंवा मराठीच्याही आधी वारली, कोकणा, भिल्ली, गोंडी यांत बोलावं लागतं. अंगणवाड्यांसाठी राज्याने ‘आकार’ हा बालशिक्षण अभ्यासक्रम आणला, त्यामुळे निदान रोजच्या कृतींचं साहित्य मराठीत हाताशी आलं. दूरशिक्षणाच्या पुस्तिकांना अशा स्थानिक साहित्याची जोड मिळाली नाही, तर परीक्षा एका भाषेत पास व्हायची आणि वर्ग दुसऱ्याच भाषेत चालवायचा, अशी फाटाफूट होते.

दोन्ही पद्धतींचा मिलाफ करता येतो, हे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने दाखवलं. २००६ मध्ये तिने प्राथमिक शिक्षणातलं एम.ए. दुहेरी पद्धतीने सुरू केलं : वर्षातून ठरावीक काळ संस्थेत राहून समोरासमोर शिकायचं, बाकीचा अभ्यास आपापल्या कामाच्या ठिकाणी. पाठीशी एकलव्य, दिगंतर, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र यांसारख्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्था होत्या. आपल्याकडे अनुताई वाघ आणि रमेश पानसे यांनी १९८२ मध्ये उभी केलेली ग्राममंगल ही संस्था डहाणू तालुक्यातल्या ऐन्याच्या शाळेच्या आधाराने शिक्षकांना घडवत आली आहे. चालती शाळा जवळ असेल तर प्रशिक्षण थोड्या दिवसांचंही पुरतं, एवढं या दोन्ही उदाहरणांवरून म्हणता येईल.

निवड करताना म्हणून आधी स्वतःची जागा पाहावी. बारावी झालेल्या, मुलांचा अनुभव नसलेल्या मुलीने शक्य असेल तर कॉलेजच गाठावं, आणि त्यातही संलग्न बालवाडी असलेलं. फक्त फळा-खडूवर बालविकास शिकवणारं महाविद्यालय तिला दूरशिक्षणापेक्षा फार काही जास्त देणार नाही. ज्या बाईचा वर्ग रोज भरतो, तिने निर्धास्तपणे मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरावा. तिने एक सोय मात्र स्वतः करावी : एखादी अनुभवी शिक्षिका किंवा मुख्य सेविका महिन्यातून काही तास वर्गात येऊन बसेल आणि मोकळेपणी बोलेल, अशी. नर्सरीत शिकवणाऱ्या गृहिणीने पुढे कुठे जायचं ते आधी ठरवावं. त्याच शाळेत उत्तम काम करायचं तर इग्नूची पदविका पुरे. सरकारी शाळेच्या भरतीत उतरायचं असेल तर एनसीटीईच्या मान्यतेविना सुटका नाही. आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिली आहे. त्यामुळे कॉलेजात मानवविकासाची पदवी घेता घेता दुसरं एखादं प्रमाणपत्र मुक्त विद्यापीठातून करणंही आता शक्य आहे.

फी भरण्याआधी संस्थेला विचारायचे प्रश्नही ठरलेले असावेत. प्रत्यक्ष मुलांबरोबरचे तास किती? ते कुठे होणार आणि ती जागा संस्था मिळवून देणार की विद्यार्थिनीने शोधायची? तिचं काम बघायला कोण येणार, किती वेळा? प्रकल्पाच्या वहीवर नुसती सही होते, की नोंदी वाचून चर्चा होते? तीन वर्षांखालच्या बाळांबरोबर काम करायला मिळेल का? या प्रश्नांवर जिथे गुळमुळीत उत्तरं मिळतात, तिथे कॉलेजची इमारत किंवा ऑनलाइन मंचाचा झगमगाट पाहून भुलू नये.

सरकारकडेही मागणी करायची आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका मिळायची आहे. तीही दूरचित्रवाणी आणि स्मार्टफोनवरून, कामात कमीत कमी खंड पाडून. त्यात महिन्यातून किमान एक संपर्क वर्ग शाळांच्या समूह साधन केंद्राने घ्यावा, असंही लिहिलेलं आहे. दूरशिक्षणाची सगळी मदार या एका वर्गावर आहे, आणि हजेरी घेऊन, परिपत्रक वाचून उरकण्याचा धोकाही त्यालाच सर्वाधिक. एका मुख्य सेविकेकडे वीस-पंचवीस अंगणवाड्या असतात, आणि तिचा दिवस ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवरच्या नोंदी आणि अहवाल यांत जातो. तिलाच आधी बालनिरीक्षणाचं प्रशिक्षण द्यावं, तिच्या माथ्यावरची कागदपत्रं कमी करावीत आणि प्रत्येक अंगणवाडीत महिन्याकाठी अर्धा दिवस नुसतं बसायला, पाहायला आणि ताईशी बोलायला मोकळीक द्यावी. तालुक्याच्या ठिकाणी एक तरी बालवाडी शिकण्या-शिकवण्यासाठी राखून ठेवली आणि परिसरातल्या सेविकांना तिथे आळीपाळीने आठवडाभर काम करायला बोलावलं, तर सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रातही कॉलेजातल्या सरावाचा बराच भाग आणता येईल.